रेक्टरबाईंची चोपदार

कित्येक वर्षं माझ्या हातात एक काठी होती आणि ती मी एकदाही कुणाच्या पाठीत घातली नाही, याची मला अजूनही अधूनमधून हळहळ वाटते. चांगली माणसाच्या उंचीची, काळ्या लाकडाची, वर चांदीचा गोळा आणि त्याला बारीक घुंगरं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गोड आठवणी लिहा, गौरीताई" असं सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की गोड काही निघणार नाही. फराळाच्या ताटात तिखट शेवही असते, असं म्हणून त्यांनी माझी समजूत काढली. तर ही तिखट शेव.

मी नेदरलँड्समधल्या एका तांत्रिक विद्यापीठात 'पेडेल' होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून खुर्च्यांवर आहेत आणि मला त्यांच्या वकिलांशी बोलायची हौस नाही. पेडेल म्हणजे काय, हे मला इथल्या डच शेजाऱ्यांनाही समजावून सांगावं लागतं. विद्यापीठात समारंभ असला की काळे झगे आणि चौकोनी टोप्या घातलेल्या प्राध्यापकांची मिरवणूक निघते. तिच्या पुढे काठी घेऊन चालतो तो पेडेल. सांगलीला आईला पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर राजवाड्यातला चोपदार. इतकं शिकून तू चोपदार झालीस?" मी म्हटलं, हो, आणि झगाही मिळतो.

पण पेडेलचं खरं काम पीएचडीच्या जाहीर परीक्षेत असतं. उमेदवार उभा राहतो, समोर झगेवाले परीक्षक, मागे त्याचे आईबाप आणि मित्र. परीक्षक प्रश्नांवर प्रश्न विचारतात. बरोबर पाऊण तास झाला की दार उघडून मी आत यायचं, काठी जमिनीवर आपटायची आणि दोन लॅटिन शब्द म्हणायचे, 'होरा एस्त'. म्हणजे वेळ झाली. त्या क्षणी सगळं थांबतं. परीक्षक अर्ध्या वाक्यात असला तरी गप्प बसतो. त्यानंतर कुणाला प्रश्न विचारता येत नाही आणि उमेदवारावर कसलंही उत्तर देण्याचं बंधन राहत नाही. सगळे झगेवाले उठतात, टोप्या घालतात आणि माझ्या मागून रांगेने बाहेर पडतात. घामाघूम झालेल्या कितीतरी पोरापोरींचे चेहरे हे दोन शब्द ऐकून उजळलेले मी पाहिले आहेत. जगात इतकी चांगली नोकरी क्वचितच कुणाला मिळत असेल.

ही नोकरी मला दिली लोईसबाईंनी. लोईस टॅगर्ट, आमच्या रेक्टर. रेक्टर म्हणजे विद्यापीठाच्या शिक्षणाचा आणि संशोधनाचा प्रमुख. कारभाराचा प्रमुख वेगळा असतो, तो अध्यक्ष, त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे. लोईसबाई अमेरिकन. आमच्या विद्यापीठाच्या इतिहासातली पहिली बाई रेक्टर आणि पहिली परदेशीही. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, रेक्टरलासुद्धा. मीही तोंडाने लोईस म्हणायचे, पण मनातल्या मनात त्या 'बाई'च होत्या, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या. तेव्हा इथेही तसंच लिहिते.

बाई ठेंगण्या होत्या, माझ्याहून चार बोटं बुटक्या. रेक्टरचा मखमली झगा मात्र पिढ्यानपिढ्या उंच डच पुरुषांसाठी शिवलेला. पहिल्याच समारंभाला तो त्यांच्या पायात अडकला आणि त्या पायरीवर कोलमडता कोलमडता वाचल्या. तेव्हा मी समारंभ-विभागात खुर्च्या मांडणाऱ्या आणि फुलं मागवणाऱ्या टेबलावर होते. दुसऱ्या दिवशी मी तो झगा घरी नेला, कडेने आत दुमडला आणि साडीला फॉल लावतात तशी हाताने टीप घातली. बाईंनी तो घालून पाहिला, गर्रकन वळून पाहिला आणि विचारलं, "हे तुला करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मग जुना पेडेल निवृत्त होतोय, त्याची जागा तू घे. मला पुढे चालायला असं माणूस हवं, ज्याला काय अडतंय ते न सांगता दिसतं."

त्यावर थोडी कुजबुज झाली. परदेशी रेक्टरच्या पुढे परदेशी पेडेल, हे कसं दिसेल, असं एका समितीत कुणीतरी अतिशय सभ्यपणे विचारलं. बाईंनी तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं, "मिरवणुकीसारखं दिसेल." बाई सोडल्या तर माझं नाव कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं, ग चा उच्चार इथे ख होतो, म्हणून मी अखेरपर्यंत 'खाउरी' राहिले.

झगा चढवताना, टाचण्या लावताना बाई बोलायच्या. त्या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या. वडील शाळेची बस चालवायचे, सुट्टीत कॉलेजच्या सहलींवरही तीच बस न्यायचे. धातुशास्त्राच्या वर्गात बाई एकट्याच मुलगी. वर्गाची सहल खाणीत गेली तेव्हा खाणीच्या मुकादमाने सांगितलं, बाईमाणूस खाणीत उतरलं की अपशकुन होतो. मुलं खाली गेली आणि बाई बसमध्ये बसून राहिल्या. बस चालवत होते त्यांचे वडीलच.

"वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. मला मुकादमाचा राग आला नाही गं तितका, जितका त्या सगळ्या मुलांचा आला. एकही म्हणाला नाही की तिलाही येऊ दे."

पुढे त्याच कॉलेजात त्या पहिल्या स्त्री डीन झाल्या. त्या वर्षी सगळ्या वर्गाला त्याच खाणीवर घेऊन गेल्या आणि खाली उतरवणाऱ्या पाळण्यात सगळ्यांत आधी स्वतः शिरल्या. हे सांगताना त्या हसायच्या, पण टाचणी लावायला मी खांद्याला हात लावला की कळायचं, खांदा अजून ताठ आहे.

मग महामारी आली. डच मुलं एका आठवड्यात आईवडिलांच्या घरी निघून गेली आणि विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहात उरली ती परदेशी पोरं. प्रयोगशाळांना कुलपं लागली. पीएचडीच्या परीक्षा पडद्यावर गेल्या. मी एकटी मोकळ्या सभागृहात झगा घालून कॅमेऱ्यासमोर काठी आपटायची. पहिल्या काही परीक्षांना गोंधळ उडाला. मी शब्द उच्चारले तरी कुठल्यातरी देशातला परीक्षक आपला बोलतोच आहे, कारण त्याला माझा आवाजच पोचलेला नाही. शेवटी आमच्या तांत्रिक विभागातल्या सान्डरने नियम करून टाकला. "खाउरी, तू काठी आपटून ते दोन शब्द म्हटलेस की मी सगळ्यांचे माइक बंद करणार. कोण बोलतंय, काय बोलतंय, बघणारच नाही." सान्डर एकदा नियम केला की पाळणारा माणूस. परीक्षा सभागृहात परत आल्यावरही हा नियम तसाच राहिला, कारण अर्धे परीक्षक अजून पडद्यावरच असायचे.

त्या काळातली एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एक जुने प्राध्यापक घरून परीक्षा घेत होते. पडद्यावर झगा, पांढरा गळपट्टा, टोपी, सगळं शिस्तीत. मी काठी आपटली आणि ते सवयीने ताडकन उभे राहिले. झग्याखाली फक्त चट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी होती. उमेदवाराची आई तिकडे साताऱ्यात बघत होती, तिने पदर तोंडाला लावला. नंतर ते प्राध्यापक मला म्हणाले, "काय करू, ते शब्द ऐकले की पाय आपोआप उठतात. उद्या मी मेलो आणि तू येऊन होरा एस्त म्हणालीस तरी उठेन."

इथवर हसून झालं. आता तेजस्विनी.

तेजस्विनी बार्शीची. पाणी शुद्ध करणाऱ्या पातळ पापुद्र्यांवर तिचं काम होतं. परीक्षेची तारीख विचारायला ती माझ्याकडे आली होती, तेव्हापासून मी तिची काकू झाले. टाळेबंदीत मी आठवड्यातून एकदा पोळीभाजीचा डबा वसतिगृहाच्या दारात ठेवून लांब उभी राहायची आणि ती खाली येऊन दीड मीटरवरून बोलायची.

"काकू, सगळी बॅच गेली," एकदा तिने सांगितलं. "मेंब्रेन वेट ठेवावी लागतात. लॅब बंद केली तेव्हा आम्हाला आतच जाऊ दिलं नाही. एकदा ड्राय झाली की सरळ डस्टबिन. दीड वर्षांचं काम आहे ते."

"मग मुदत वाढवून देतील ना?"

"शेजारच्या टेबलवरच्या योरिसला मिळाली. ऑटोमॅटिक. पण तो एम्प्लॉयी आहे. मी गेस्ट आहे."

हा प्रकार जरा समजावून सांगते, कारण माझ्या सगळ्या रागाचं मूळ इथेच आहे. इथे पीएचडी करणारे दोन प्रकारचे. एक विद्यापीठाच्या पगारावर. दुसरे आपापल्या देशाची शिष्यवृत्ती घेऊन आलेले, त्यांना कागदोपत्री 'पाहुणे' म्हणतात. प्रयोगशाळा तीच, टेबल तेच, कामही तेच. उलट त्यांच्या निबंधांवर विद्यापीठाचं नाव जगभर जातं. पण प्रयोगशाळा बंद झाल्यावर पगारावरच्यांना गेलेला वेळ भरून मिळाला आणि पाहुण्यांना सांगितलं की तुमची जबाबदारी तुमच्या देशाची. शिष्यवृत्ती संपली की राहण्याचा परवाना संपणार, परवाना संपला की खोली जाणार, आणि अर्धवट काम घेऊन बार्शीला परत. आपल्याकडे पाहुण्याला पाटावर बसवतात. इथे पाहुणा म्हणून ताटावरून उठवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाईंना सांगितलं. त्यांना अर्थात आधीच ठाऊक होतं. त्यांनी सगळ्या पाहुण्या संशोधकांची एक बैठक पडद्यावर बोलावली, मीच ती जुळवून दिली. छोट्या छोट्या चौकटींत चेहरे होते. कुणी पलंगावर बसलेलं, कुणी स्वयंपाकघरात. बाई फार बोलल्या नाहीत. "विषाणूने तुमचा जो वेळ घेतला तो विद्यापीठ तुम्हाला परत देईल. पगारावरचे आणि पाहुणे असा भेद होणार नाही. हा रेक्टरचा शब्द आहे." चौकटींमधून एकेक हात वर झाला, टाळ्यांच्या चित्राचा. तेजस्विनीने कॅमेरा बंद केला होता. नंतर म्हणाली, रडू आलं होतं.

आता अध्यक्ष. त्यांचं नाव वाउटर. आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीत होते, प्राध्यापक कधीच नव्हते. त्यामुळे आमच्या मिरवणुकीत ते झग्याशिवाय, नुसत्या सुटात असायचे. दिसायला छान, बोलायला त्याहून छान. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांनी बाईंच्या शब्दाबद्दल प्राध्यापकांच्या बैठकीत सांगितलं, "लोईस मनापासून बोलली, आणि आपल्या सगळ्यांनाच ते भावलं. पण तो काही निर्णय नव्हता." मग समिती नेमली. समितीने आणखी एक समिती सुचवली. दरम्यान दोन पाहुण्यांची मुदत संपली आणि ते मुकाट्याने विमानात बसले. त्यातला एक मुलगा जाताना माझ्या टेबलावर स्वतःच्या कुंडीतलं तुळशीचं रोप ठेवून गेला. मला त्या रोपाकडे बघवत नव्हतं.

बाई मागे हटल्या नाहीत. दर बैठकीत तोच विषय. शेवटी विद्यापीठाच्या देखरेख-मंडळाने ठरवलं की रेक्टरची मुदत वाढवायची नाही. पत्रकात लिहिलं, 'उभयपक्षी सामंजस्याने'. ह्या देशात कुणालाही हाकलत नाहीत हो, सगळे सामंजस्याने जातात. आपल्याकडे निदान भांडण तरी होतं, दारं आपटली जातात, चार लोकांना कळतं. इथे कॉफी देतात, बिस्किट देतात आणि तुम्ही घरी येऊन अंगरखा काढता तेव्हा कळतं की पाठीत काहीतरी आहे.

निरोपाच्या समारंभाआधी मी शेवटचा म्हणून झगा इस्त्रीला घेतला. बाई खिडकीत उभ्या होत्या.

"बाई, तुम्हाला राग नाही येत?" मी न राहवून विचारलं.

"येतो ना. पण मला ठाऊक आहे त्यांना काय हवंय. मी रागावून काहीतरी बोलावं, म्हणजे म्हणायला मोकळे की बघा, अमेरिकन बाई, असंच व्हायचं होतं." मग खिडकीपासून वळून म्हणाल्या, "मला जायचं दुःख नाही. त्या मुलांना बसमध्ये बसवून मी चालले आहे, याचं आहे."

समारंभाच्या आदल्या दिवशी वाउटर स्वतः माझ्या टेबलाशी आले. मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी रोपाचं कौतुक केलं, मग मुद्द्यावर आले.

"खाउरी, उद्या लोईसला अर्धा तास दिलाय. ती वाहवत जाते, तुला ठाऊकच आहे. मी खूण करेन. वेळ झाली की तू तुझं ते काम कर."

"कुठलं काम?"

"ते काठीचं गं. ते दोन शब्द. लोकांना गंमत वाटेल, तिलाही आवडेल."

"वाउटर, ते शब्द फक्त परीक्षेत म्हणतात. भाषणात नाही."

"परंपरा म्हणजे थोडं नाटकच ना शेवटी," ते हसून म्हणाले आणि टेबलावर टिचकी मारून निघून गेले.

नाटक! उमेदवाराला सोडवायचे शब्द ह्यांना माणसाचं तोंड बंद करायला हवे होते. मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी इतकी आदळआपट करत घासली की नवरा बाहेर फिरायला गेला.

समारंभाला सभागृहात एक खुर्ची सोडून एक माणूस बसवला होता, आले होते ते फक्त प्राध्यापक, झग्यांत आणि मास्कमध्ये. बाकीचे सगळे घरून पडद्यावर बघत होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तेजस्विनी आणि तिची मित्रमंडळी लॅपटॉपभोवती जमली होती, हे तिने मला सकाळीच कळवलं होतं. सान्डर वर काचेच्या खोलीत. मी दाराशी काठी घेऊन उभी.

बाई डचमध्ये बोलल्या. उच्चार पक्के अमेरिकन, पण एक शब्द अडखळला नाही. त्यांनी बसची गोष्ट सांगितली. वडिलांचे स्टिअरिंगवरचे हात सांगितले. मग म्हणाल्या, "मी पाहुण्या संशोधकांना शब्द दिला. लोक म्हणतात, लोईस मनापासून बोलली. मी मनापासून बोलले नव्हते, रेक्टर म्हणून बोलले होते. तो शब्द माझा नाही, ह्या खुर्चीचा आहे. मी जाते आहे. खुर्ची इथेच राहते आहे."

आणि त्या एकेक नाव घेऊ लागल्या. कोण, कुठल्या गावचं, कशावर काम करतं, काय वाया गेलं. बार्शीचं नाव त्या सभागृहात मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी उच्चार बरोबर केला, आदल्या आठवड्यात माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घेतला होता तो कशासाठी, ते मला तेव्हा उमगलं.

वाउटरनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी भिंतीवरच्या जुन्या रेक्टरांची चित्रं बघू लागले, एकापाठोपाठ एक मिशा. मास्क असला की माणसाला मख्ख राहणं फार सोपं जातं. काठी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नोकरी जाईल हेही समजत होतं. पण एक घुंगरू मी वाजू दिलं नाही.

यादीतलं शेवटचं नाव बाईंनी घेतलं. त्या बसल्या. टाळ्या वाजल्या, अंतरा-अंतरावरून वाजल्यामुळे विरळ वाटल्या. कार्यक्रमाप्रमाणे आता संगीत होतं. पण वाउटर उठले आणि माइकशी गेले.

"प्रिय लोईस," त्यांनी त्या गोड आवाजात सुरुवात केली. "सुंदर बोललीस. फक्त एक गैरसमज राहू नये म्हणून विचारतो. तूच सांग ना सगळ्यांना, ह्या मुदतवाढीचा ठराव कधी झाला होता का? हो की नाही, एवढंच सांग."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. ठराव झाला नव्हता, हे खरंच होतं. 'नाही' म्हटलं की सगळ्या नावांवर पाणी पडणार होतं. 'हो' म्हटलं तर खोटं, आणि ती बाई खोटं बोलणारी नव्हती. त्या उठल्या. उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या उमेदवारासारख्याच दिसल्या त्या मला, मखमली झग्यातसुद्धा.

मी दोन पावलं पुढे गेले आणि काठी आपटली. इतक्या जोरात मी ती आधी कधी आपटली नव्हती.

"होरा एस्त!"

आणि मग जे झालं ते आठवून मला अजून गुदगुल्या होतात. सगळे प्राध्यापक उभे राहिले. विचार करून नाही हो, पायच उठले त्यांचे. टोप्या डोक्यावर चढल्या. वरच्या काचेमागे सान्डरने त्याचा नियम पाळला आणि सगळे माइक बंद पडले. वाउटरचे ओठ हलत होते, हात हलत होते, पण आवाज सभागृहातही पोचत नव्हता आणि पडद्यावर तर नाहीच. त्यांनी माइकवर बोट आपटून पाहिलं. मी वळले आणि चालू लागले. माझ्या मागे बाई आणि त्यांच्या मागे झग्यांची रांग, दीड-दीड मीटर अंतर ठेवून, एका बिनझग्याच्या माणसाला व्यासपीठावर एकटा सोडून.

पुढे जायचं कुठे, हे मात्र मी ठरवलं नव्हतं. एरवी आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत जातो, ती महामारीमुळे कुलूपबंद. थांबले असते तर कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं की परीक्षाच नव्हती. म्हणून मी चालतच राहिले, मोठं दार ढकलून थेट आवारात. बाहेर गार वारा. सायकलवाले थांबून बघायला लागले. झगे फडफडत होते, एका प्राध्यापकाची टोपी तळ्याच्या दिशेने उडाली आणि तो तिच्या मागे धावला. मी नेलं त्यांना सरळ वसतिगृहासमोर. वरच्या खिडक्यांतून पोरं बाहेर झुकली होती. तेजस्विनी ओरडली, "काकूऽऽ!" आणि दोन्ही हात हलवायला लागली.

बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती त्यांना.

"गौरी, हे काय केलंस?"

"प्रश्न विचारायची वेळ संपली होती, बाई."

त्या वर खिडक्यांकडे बघत राहिल्या. डोळ्यांना पाणी होतं, पण वाराही बोचरा होता, तेव्हा मी विचारलं नाही.

त्यानंतर काय झालं ते पटकन सांगते, कारण तिथे पुन्हा माझं डोकं फिरतं. समारंभाची चित्रफीत बाईंच्या भाषणावर आणि वाउटरच्या न ऐकू येणाऱ्या तोंडावर संपत होती. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं की रेक्टरने खुर्चीच्या नावाने शब्द दिला आणि अध्यक्षांनी त्याचा इन्कार केला नाही. विद्यापीठातल्या विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत प्रश्न आले. महिन्याभरात पाहुण्यांना मुदतवाढ मिळाली. जाहीर कोणी केली? वाउटरनी. 'ह्या कठीण काळात आपण आपल्या पाहुण्यांसोबत आहोत', असं म्हणत, पोरांच्या घोळक्यात उभं राहून, हातात केक घेऊन. त्यात लोईस हे नाव कुठेही नव्हतं. बाईंचं चित्र भिंतीवर लागायला हवं, प्रत्येक माजी रेक्टरचं लागतं. ते अजून 'प्रक्रियेत' आहे. पुढच्या रेक्टरचं लागलंसुद्धा. आणि ती आधी गेलेली दोन मुलं गेलीच, त्यांना कुणी बोलावलं नाही. तुळस मात्र जगली. आता मी अ‍ॅमस्टेलव्हीनला लेकीकडे राहते, तिथे माझ्या खिडकीत ती आहे.

तेजस्विनीने पापुद्रे पुन्हा पहिल्यापासून बनवले आणि पुढच्या वर्षी परीक्षा दिली. बाई तिच्या परीक्षेला अमेरिकेहून पडद्यावर परीक्षक म्हणून आल्या आणि सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांनीच विचारला. तिथे मी काठी घेऊन नव्हते, मागच्या रांगेत बार्शीहून आलेल्या तिच्या आईशेजारी बसले होते. कारण तोवर मीही विद्यापीठातून गेले होते. उभयपक्षी सामंजस्याने.

ते सामंजस्य वाउटरच्या खोलीत झालं, समारंभानंतरच्या आठवड्यात. कॉफी होती. बिस्किटही होतं. ते अजिबात चिडले नव्हते, निदान आवाजात तरी नाही.

"खाउरी, मला फक्त समजून घ्यायचंय. ते का केलंस?"

"तूच सांगितलं होतंस, वाउटर. वेळ झाली की तुझं ते काम कर."

"पण ते मी लोईससाठी म्हणालो होतो."

"मीपण लोईससाठीच केलं," मी म्हटलं आणि कॉफी तशीच ठेवून उठले.